तारेच्या कुंपणाने राखलेली पाणथळ : हाँगकाँग-शेनझेन सीमेचा इतिहास

१/ चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर डीप बे नावाची एक उथळ खाडी आहे. तिच्या उत्तर काठावर शेनझेन शहराच्या उत्तुंग इमारतींची रांग उभी आहे. दक्षिण काठावर, हाँगकाँगच्या हद्दीत, मत्स्यतळी, बोरूची बेटे आणि खारफुटी पसरली आहे. पाणी एक, चिखल एक, पाऊसही एकच. मग चार दशकांत एका काठावर पावणेदोन कोटींचे महानगर उभे राहिले आणि दुसऱ्या काठावर पक्ष्यांचे राज्य टिकले, असे का घडले? आजच्या मालिकेत या प्रश्नाचा मागोवा घेऊ.

२/ उत्तराचा गाभा आरंभीच सांगतो. ही पाणथळ निसर्गप्रेमामुळे वाचली नाही. ती संशयामुळे वाचली. दोन राज्यव्यवस्थांचा परस्परांवर विश्वास नव्हता, म्हणून सीमेवर कुंपण आले आणि त्या कुंपणाने माणसांबरोबर बांधकामही अडवले. आता ते कुंपण मागे सरले आहे. योगायोगाने वाचलेली गोष्ट जाणीवपूर्वक वाचवता येते का, ही या इतिहासाची खरी कसोटी आहे.

३/ प्रथम सीमा कशी जन्मली ते पाहू. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांना मिळाले. १८६० मध्ये कौलून द्वीपकल्पाचा दक्षिण भाग त्यांच्याकडे गेला. पुढे ९ जून १८९८ रोजी झालेल्या कराराने त्याच्या उत्तरेकडील विस्तीर्ण प्रदेश ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्यांना देण्यात आला. हाच तो ‘न्यू टेरिटरीज’ प्रदेश. १९९७ हे साल हाँगकाँगच्या इतिहासात निर्णायक ठरले, ते या भाडेपट्ट्याच्या मुदतीमुळे.

४/ १८९९ मध्ये प्रत्यक्ष हद्द आखताना शेनझेन नदी ही सीमा मानण्यात आली. तीही नदीच्या उत्तर काठावरील भरतीच्या रेषेपर्यंत. म्हणजे कागदावर संपूर्ण नदी ब्रिटिशांच्या ताब्यात गेली. गावकऱ्यांच्या जीवनात मात्र या रेषेला फारसा अर्थ नव्हता. शेते एका काठावर, सोयरे दुसऱ्या काठावर, बाजार कधी इकडे तर कधी तिकडे, असा व्यवहार पुढील पन्नास वर्षे बव्हंशी मोकळेपणाने चालू राहिला.

५/ ही नदी जेमतेम ३७ किलोमीटर लांबीची. वूतोंग पर्वताच्या परिसरात उगम पावून ती डीप बेला मिळते. मुखाशी भरतीचे खारे पाणी आणि नदीचे गोडे पाणी एकत्र येते, गाळ बसतो, चिखलपट्टा तयार होतो आणि त्यावर खारफुटी रुजते. या प्रदेशातील लोक भात पिकवत, मासे धरत आणि खाडीत कालवांची शेती करत. लाऊ फाऊ शान हे गाव आजही कालवांसाठी प्रसिद्ध आहे.

६/ १९४० च्या दशकात चीनच्या मुख्य भूमीतून आलेल्या लोकांनी येथे ‘गेई वाई’ नावाची पद्धत रुजवली. खारफुटीच्या पट्ट्यात बांध घालून मोठे तळे करायचे आणि खाडीच्या बाजूला उघडझाप करणारे एक दार ठेवायचे. गोव्यातील खाजणांच्या बांधावर ‘मानस’ असते, तशीच ही योजना. शरद ऋतूत भरतीच्या वेळी दार उघडले की कोळंबीची पिल्ले पाण्याबरोबर आत येत. मग दार बंद करायचे.

७/ खारफुटीची गळलेली पाने कुजून कोळंबीला अन्न मिळे; वेगळे खाद्य विकत आणावे लागत नसे. उन्हाळ्यात रात्रीच्या ओहोटीला दारात जाळे लावून ते उघडत आणि बाहेर जाणारी कोळंबी पकडत. हिवाळ्यात तळे उपसले की चिखलात उरलेल्या लहान माशांवर सैबेरिया व उत्तर चीनमधून आलेले पक्षी तुटून पडत. शेतकऱ्याचे पोट भरे आणि पक्ष्यांचेही. माई पो या गावाजवळील अशी तळी पुढे जगभर ओळखली जाऊ लागली.

८/ आजचे अभ्यासक याला ‘परिसंस्था-सेवा’ म्हणतात. पुराचे पाणी सामावून घेणे, गाळ व घाण गाळणे, मासळीच्या पिलांना आसरा देणे, किनारा धरून ठेवणे, हवा थंड राखणे, ही सारी कामे पाणथळ जमीन विनामोबदला करते. अडचण एवढीच की या कामांची नोंद कोणत्याही जमाखर्चाच्या वहीत होत नाही. म्हणून शहराच्या दृष्टीने अशी जमीन ‘पडीक’ ठरते.

९/ १९४९ मध्ये चीनमध्ये साम्यवादी राजवट आली. १९५० मध्ये कोरियन युद्ध भडकले, चीनशी होणाऱ्या व्यापारावर निर्बंध आले आणि तस्करीला ऊत आला. ब्रिटिश प्रशासनाने सीमेवर ये-जा नियंत्रित केली आणि १९५१ मध्ये नदीलगतचा पट्टा ‘सीमावर्ती प्रतिबंधित क्षेत्र’ म्हणून घोषित केला. तेथे परवान्याविना प्रवेश बंद झाला. १९६२ मध्ये या क्षेत्राचा विस्तार झाला आणि ते सुमारे २,८०० हेक्टरांपर्यंत पोहोचले.

१०/ या कुंपणाची मानवी किंमत विसरता येणार नाही. मोठ्या दुष्काळानंतर १९६२ मध्ये हजारो भुकेले लोक सीमेकडे लोटले. पुढेही अनेक वर्षे माणसे रात्री डोंगर ओलांडून किंवा डीप बे पोहून हाँगकाँग गाठत राहिली. काही पकडली गेली, काही परत पाठवली गेली, काही बुडाली. जी खाडी पक्ष्यांसाठी आश्रयस्थान होती, ती अनेक माणसांसाठी अखेरची जागा ठरली. ‘सीमेने निसर्ग वाचवला’ हे वाक्य उच्चारताना ही बाजू ध्यानात ठेवली पाहिजे.

११/ कुंपणाबाहेर हाँगकाँग वेगाने वाढत होते. १९५० च्या सुमारास वीस लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या १९८० पर्यंत पन्नास लाखांच्या घरात गेली. डोंगर कापले गेले, समुद्रात भराव पडले, न्यू टेरिटरीजमध्ये नवी नगरे उभी राहिली. प्रतिबंधित क्षेत्रात मात्र घर बांधण्यात कोणाला रस नव्हता; जेथे पाहुण्यालाही परवाना लागतो, तेथे सदनिका कोण घेणार? अशा रीतीने तळी, शेते आणि दलदल जागच्या जागी राहिली.

१२/ परंतु कुंपणाने माणसे अडवली, पाणी अडवले नाही. १९६३ मध्ये हाँगकाँगला भीषण टंचाईने ग्रासले. जूनपासून चार दिवसांतून एकदा, अवघे चार तास पाणी मिळू लागले. उपाय सीमेपलीकडे होता. १९६४ मध्ये करार झाला, शिमा नदीचा प्रवाह पंपांच्या साहाय्याने उलटा चढवण्यात आला आणि मार्च १९६५ पासून डोंगजियांग नदीचे पाणी हाँगकाँगला येऊ लागले. आज या शहराच्या गोड्या पाण्याचा सुमारे ७० ते ८० टक्के भाग तेथूनच येतो.

१३/ या घटनेचा अर्थ खोल आहे. राजकीय वैर शिगेला असतानाही एक महानगर शत्रूच्या प्रदेशातील पाणलोटावर जगत होते. शहर आपल्या हद्दीत राहते, पण ते ज्यावर जगते ती परिसंस्था हद्द पाळत नाही. पुढे डोंगजियांगचे खोरे औद्योगिक झाले, पाण्याची प्रत घसरली, तेव्हा त्या पाण्यासाठी बंदिस्त जलवाहिनी बांधावी लागली. ती २००३ मध्ये सुरू झाली. नदी निर्मळ असताना जे काम फुकट होत होते, त्यासाठी आता मोठा खर्च करावा लागला.

१४/ आता नदीच्या उत्तर काठाकडे वळू. १९७९ मध्ये बाओआन तालुक्याचे शेनझेन शहरात रूपांतर झाले आणि ऑगस्ट १९८० मध्ये तेथे ३२७.५ चौरस किलोमीटरचे विशेष आर्थिक क्षेत्र स्थापन झाले. शेतांच्या जागी कारखाने आले, कारखान्यांमागून मनोरे आले. २०२० च्या जनगणनेत शेनझेनची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांहून अधिक भरली. इतक्या थोड्या काळात इतके मोठे शहर उभे राहिल्याची उदाहरणे इतिहासात विरळ आहेत.

१५/ या वाढीचे सांडपाणी डीप बेमध्ये उतरले. मात्र सारा दोष एकाच काठावर टाकणे अन्यायाचे होईल. हाँगकाँगच्या बाजूने न्यू टेरिटरीजमधील वराहपालन व कुक्कुटपालनाची घाण ओढ्यांवाटे वर्षानुवर्षे याच खाडीत येत होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिच्यावर कायद्याने नियंत्रण आणावे लागले. सीमेवरच्या नदीचा हा स्वभावच असतो. दोघेही तिला परसदार मानतात, आणि परसदारात काय टाकले याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

१६/ तरी दोन्ही काठांवर सावध माणसेही होती. हाँगकाँगने १९७६ मध्ये माई पोला विशेष वैज्ञानिक महत्त्वाचे स्थळ ठरवले आणि १९८० च्या दशकात निसर्गसंस्थेने राखीव क्षेत्राचे व्यवस्थापन हाती घेतले. समोरच्या काठावर १९८४ मध्ये फुतियन खारफुटी राखीव क्षेत्र स्थापन झाले. १९८८ मध्ये त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला. तथापि १९९० च्या दशकात किनाऱ्यालगत भराव व प्रशस्त बिनहाय मार्ग आला आणि फुतियनचे राखीव क्षेत्र शहर व पाणी यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखे उरले.

१७/ येथे मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल असे एक झाड भेटते. आपल्या कोकणच्या खाड्यांत ‘चिपी’ नावाची खारफुटी वाढते. तिच्याच जातीची रोपे चीनने १९८० च्या दशकात बांगलादेशातून आणली आणि १९९३ मध्ये फुतियनमध्ये लावली. झाड झपाट्याने वाढले. त्याचे बी भरतीबरोबर माई पोच्या चिखलपट्ट्यावर पोहोचले. एका काठाला जे हिरवे यश वाटले, ते दुसऱ्या काठाने परके झाड म्हणून उपटायला घेतले. मोकळा चिखल झाकला गेला तर पाणपक्ष्यांनी अन्न शोधायचे कोठे? खाडी एकच असताना निर्णय वेगवेगळे घेतले की असा पेच पडतो.

१८/ पूर हा आणखी एक पेच. वरच्या भागात काँक्रीट वाढले की पावसाचे पाणी जमिनीत मुरत नाही. ते थेट नदीत येते, आणि भरतीच्या वेळी खाडी ते स्वीकारत नाही. १९९५ मध्ये दोन्ही बाजूंनी मिळून नदी सरळ व रुंद करण्याचे काम हाती घेतले. हे काम चार टप्प्यांत २०१७ पर्यंत चालले. पाणी धरून ठेवणारी वळणे गेली, पुराचा धोका घटला. जे काम पूर्वी मैदाने आणि तळी करत होती, ते आता यंत्रांनी खोदलेला कालवा करू लागला.

१९/ या सरळीकरणातून एक विलक्षण तुकडा जन्मला. नदीचे एक वळण कापल्याने लोक मा चाऊ येथील सुमारे ८७ हेक्टर जमीन नव्या पात्राच्या दक्षिणेस आली. १९९७ मध्ये हद्द नव्या पात्राच्या मध्यरेषेवर ठरल्याने ती हाँगकाँगच्या प्रशासनाखाली गेली. मालकीचा प्रश्न पुढे वीस वर्षे रेंगाळला. २०१७ च्या सामंजस्य कराराने तेथे नवोन्मेष व तंत्रज्ञान उद्यान उभारण्याचे ठरले. दरम्यानच्या काळात त्या ओसाड म्हटल्या जाणाऱ्या जमिनीवर बोरूचे दाट बन माजले होते.

२०/ सत्तांतराच्या दोन वर्षे आधी, सप्टेंबर १९९५ मध्ये, माई पो आणि अंतर्गत डीप बेच्या १,५०० हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. १९९९ मध्ये हाँगकाँगच्या नगररचना मंडळाने या परिसरासाठी ‘पाणथळीत निव्वळ घट नाही’ हे तत्त्व स्वीकारले. कुंपणाने अजाणता केलेले काम प्रथमच शब्दांत लिहिले गेले. तळी बुजवून उभ्या केलेल्या तिन शुई वाई नगराची भरपाई म्हणून ६१ हेक्टरांचे पाणथळ उद्यान घडवण्यात आले. ते २००६ मध्ये खुले झाले.

२१/ या तत्त्वाची परीक्षा लगेचच झाली. सीमेपर्यंत जाणारा नवा रेल्वेमार्ग लाँग व्हॅली या ओल्या शेतांच्या प्रदेशावरून पुलाने नेण्याचा प्रस्ताव होता. ऑक्टोबर २००० मध्ये पर्यावरण अधिकाऱ्यांनी त्याचा परिणाम-अहवाल फेटाळला. २००१ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. अखेर मार्ग भुयारातून नेला गेला आणि ऑगस्ट २००७ मध्ये गाड्या धावू लागल्या. रेल्वे झाली, शेतेही राहिली. विकास की निसर्ग, अशी निवड अटळ असल्याचे सांगितले जाते, तेव्हा हे उदाहरण आठवावे.

२२/ शेनझेननेही आपल्या वेगाला लगाम घालण्याचा प्रयत्न केला. २००५ मध्ये या शहराने ‘मूलभूत परिसंस्था नियंत्रण रेषा’ आखली आणि आपल्या क्षेत्रफळाचा जवळपास निम्मा भाग, म्हणजे सुमारे ९७४ चौरस किलोमीटर, बांधकामासाठी मर्यादित केला. चीनमधील अशा प्रकारचा तो पहिलाच प्रयोग. २०२३ मध्ये फुतियनची खारफुटीही रामसर यादीत दाखल झाली. समोरासमोरच्या काठांवर आता एकाच खाडीच्या दोन पाट्या लागल्या आहेत.

२३/ या इतिहासाचा मूक साक्षीदार म्हणजे काळ्या मुखाचा चमचा पक्षी. कोरियाच्या परिसरातील बेटांवर तो वीण घालतो. तेथेही लष्करी सीमेच्या छायेतील निर्जन बेटांनी त्याला आसरा दिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जगात असे तीनशेहून कमी पक्षी मोजले गेले. २०२४ च्या गणनेत ही संख्या सात हजारांच्या जवळ पोहोचली. डीप बेमध्ये मात्र हिवाळी संख्या काही शेंच्या घरातच थांबली आहे. पक्षी सावरला, पण त्याच्या वाढीला येथे जागा उरली नाही.

२४/ दरम्यान सीमा विरघळू लागली. २०१२ ते २०१६ या काळात प्रतिबंधित क्षेत्र २,८०० हेक्टरांवरून सुमारे ४०० हेक्टरांवर आणले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘उत्तर महानगर’ योजना जाहीर झाली : सुमारे ३०० चौरस किलोमीटर आणि २५ लाख रहिवासी. त्यातील सान टिन तंत्रज्ञान नगरासाठी सुमारे ९० हेक्टर मत्स्यतळी बुजवण्याचा प्रस्ताव आला. २०२४ मध्ये त्याच्या परिणाम-अहवालाला मंजुरी मिळाली. मोबदला म्हणून साम पो शू येथे ३३८ हेक्टरांचे पाणथळ उद्यान योजले आहे.

२५/ दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हाँगकाँगमध्ये घरांची टंचाई इतकी तीव्र की असंख्य कुटुंबे विभागलेल्या खोल्यांत राहतात. त्यांना जागा हवी ही मागणी खोटी नाही. दुसरीकडे, तळ्याचे क्षेत्र कमी करून उरलेल्या तळ्यांची ‘गुणवत्ता’ वाढवली तर सेवा तितकीच राहील, हे गृहीतक अद्याप सिद्ध व्हायचे आहे. बुजवलेले तळे परत मिळत नाही. आश्वासन दिलेले उद्यान मात्र लांबणीवर पडू शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी भरपाई, मग भराव.

२६/ आशेचा एक धागाही आहे. गेल्या काही वर्षांत येथील मत्स्यपालकांशी करार करून, मासळी काढल्यावर तळी उथळ ठेवण्याबद्दल त्यांना मोबदला दिला जातो, जेणेकरून हिवाळी पक्ष्यांना अन्न मिळावे. गेई वाईच्या काळात जे आपोआप होत असे, ते आता पैसे देऊन करून घ्यावे लागते. यात खेद आहे, पण शहाणपणही आहे. कारण ज्या कामाची किंमत वहीत चढते, तेच काम पुढच्या अंदाजपत्रकात टिकते.

२७/ सारांश असा. सीमा हा निसर्गाचा रक्षक नव्हे; ती फक्त त्याच्यावरची घाई लांबवते. येथे ती घाई सत्तर वर्षे लांबली, आणि त्यासाठी माणसांनी फार मोठी किंमत मोजली. आता कुंपण मागे सरले असताना त्याची जागा कायदा, दोन्ही काठांचा समान हिशेब आणि खाडी एकच आहे ही जाणीव यांनी घ्यायला हवी. तसे झाले नाही, तर पाणथळ वाचली कशामुळे, याचे उत्तर पुढच्या पिढीला ‘केवळ भांडणामुळे’ असेच द्यावे लागेल.

वाचकहो, सीमेमुळे किंवा लष्करी बंदोबस्तामुळे अजाणता टिकलेली अशी एखादी जागा आपल्या माहितीत आहे का? असल्यास तिचा इतिहास अवश्य लिहा.